सोलापूरची संध्याकाळची फेरी आणि राहिलेला किल्ला

लग्न होऊन सोलापुरात आले त्याला सत्तावीस वर्षे झाली. या काळात आल्यागेल्या पाहुण्यांना घेऊन सिद्धेश्वराच्या देवळात किती वेळा गेले असेन याची गणती नाही. परंतु माहीतगार व्यक्तीच्या सोबतीने, ठरलेल्या मार्गाने, एका संध्याकाळीत सारे गाव पाहण्याचा योग मात्र गेल्या डिसेंबरपर्यंत आला नव्हता. शनिवारी संध्याकाळी छोट्या बसमधून शहरातील जुन्या जागा दाखवणाऱ्या फेरीची माहिती भाचीने पाठवली, तेव्हा माझ्या मनात पहिले नाव आले ते अण्णांचे. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांचे वय त्र्याऐंशी, आणि त्यांतील तेहतीस वर्षे सोलापूरच्या एका कापड गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर, गेलेली. गुडघे दुखू लागल्यापासून त्यांचे जग अंगणापासून कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत आक्रसले होते. ज्या गावात जन्म गेला ते गाव त्यांनी सात-आठ वर्षांत धड पाहिले नव्हते.

नोंदणी फोनवरच झाली. माणशी अडीचशे रुपये आधी भरायचे आणि दुपारी चार वाजता चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी हजर राहायचे, एवढेच सांगण्यात आले. मी मात्र तीन गोष्टी खोदून विचारल्या: बसची पायरी किती उंच आहे, कोणत्या ठिकाणी उतरून चालावे लागेल, आणि वाटेत स्वच्छतागृह कोठे मिळेल. पलीकडच्या माणसाने जरा थांबून, कोणाला तरी विचारून, तिन्हींची उत्तरे दिली आणि पायरीपाशी ठेवायला लाकडी पाट आणण्याचेही कबूल केले. वयस्कर माणसांना अशा फेरीला नेणाऱ्याने हे प्रश्न आधीच विचारून घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. ऐन वेळी उतरता आले नाही तर त्या माणसाला खिडकीत बसून इतरांच्या पाठी पाहाव्या लागतात, आणि ते फार दुःखदायक असते.

आम्ही पावणेचारलाच पोहोचलो. बस आली पाच वाजायला पाच मिनिटे असताना. तासाभराच्या या उशिराबद्दल मला आजही राग आहे, कारण त्याची किंमत पुढे किल्ल्याने मोजली. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि किल्ल्याचा दरवाजा त्यापूर्वीच बंद होऊ लागतो, हे फेरी आखणाऱ्यांना ठाऊक असायलाच हवे होते. बससाठी थांबलेल्या आम्हा चौदा जणांना सांभाळले ते आमच्यासोबत येणाऱ्या मार्गदर्शक मुलीने. इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी, घरची बोली तेलुगू, शिक्षण मराठीतले, वय फार तर चोवीस. अण्णांसाठी शेजारच्या टपरीतून तिने स्वतः स्टूल आणले आणि पुतळ्यांकडे तोंड करून त्यांना बसवले.

मग तिने त्या चौघांची कथा तिथेच उभे राहून सांगितली. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि सोलापूर पेटून उठले. ८ मे रोजी गोळीबार झाला, जमाव खवळला, आणि पुढचे काही दिवस सरकारी अंमल शहरातून जणू नाहीसा झाला. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. राष्ट्रध्वज जवळ बाळगणे हादेखील त्या दिवसांत अपराध ठरला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. हे सारे येथील शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. तिने मात्र शेवटी एक वाक्य जोडले: “एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. चौघांच्या घरांत चार भाषा असतील, पण वॉरंट एकच आलं.” मी या चौकातून रोज कामावर जाते. या चार नावांकडे मी अशा रीतीने कधी पाहिले नव्हते.

अण्णा एवढेच म्हणाले, “आमचे वडील सांगायचे, त्या दिवसांत गांधी टोपी घालून बाहेर पडायला छाती लागायची.” मुलीने ते वाक्य सगळ्यांना मोठ्याने पुन्हा ऐकवले. फेरी चांगली होणार असे मला तेव्हाच वाटले.

सव्वापाचला आम्ही भुईकोट किल्ल्याच्या दारात उतरलो आणि साडेपाचला पहारेकऱ्याची शिट्टी वाजू लागली. पंधरा मिनिटांत काय पाहायचे? खंदक, एकात एक असे दोन तट, देवळांच्या कोरीव दगडांचे तुकडे भिंतीत उलटेसुलटे बसवलेले. बहमनी काळात बांधलेला हा किल्ला पुढे विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्यात पिढ्यानपिढ्या कलहाचे कारण झाला, आणि त्या कलहाचे मूळ एका लग्नात होते. आदिलशाही घराण्यातील मुलगी निजामशाहाला दिली तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून कबूल झाला, पण प्रत्यक्षात दिला गेला नाही; त्यावरून लढाया झाल्या. पुढे चांदबिबीचे लग्न अली आदिलशाहाशी झाले त्या वेळी हाच किल्ला उलट दिशेने आंदण गेला, आणि त्यानंतर थोड्याच काळात, १५६५ मध्ये, दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरविरुद्ध राक्षसतागडीची लढाई जिंकली. अखेर मे १८१८ मध्ये पेशव्यांकडून हा किल्ला इंग्रजांनी घेतला. भांडीकुंडी, दागिने, फार तर गायीगुरे आंदण दिल्याचे आपण ऐकतो. बुरुजांसकट किल्ला आंदण जातो हे ऐकून बसमधल्या दोघी मावश्या एकमेकींकडे पाहतच राहिल्या.

मला ज्या जागी थांबायचे होते ते कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या मंदिराचे अवशेष आम्हाला दुरूनच दाखवावे लागले. अण्णा तर दरवाजाच्या आतल्या उतारापलीकडे येऊच शकले नाहीत. घाईत चालणे त्यांना जमत नाही. ते दगडावर हात टेकून उभे राहिले, वर कमानीकडे पाहत. “लहानपणी इथं आत पळापळी खेळायचो,” एवढेच बोलले.

सिद्धेश्वर मंदिरात मात्र वेळेची ओढाताण नव्हती. तळ्यावरच्या वाटेने आत जाताना पाण्यावर दिवे उतरू लागले होते. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वर हे बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांचे समकालीन. त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत, आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी “कपिलसिद्ध मल्लिकार्जुन” ही त्यांची नाममुद्रा येते. मघाशी किल्ल्यात दुरून पाहिलेल्या देवळाचे नाव इथे वचनाच्या शेवटच्या ओळीत भेटले, आणि किल्ला व तळे ही दोन वेगवेगळी प्रेक्षणीय स्थळे नसून एकाच जुन्या गावाचे दोन काठ आहेत हे मला तेव्हा उमगले. त्या गावाचे नाव सोन्नलगी. सोळा गावांवरून सोलापूर झाले ही व्युत्पत्ती आम्ही सर्वजण सांगतो. मुलीने तीही सांगितली, परंतु सोन्नलगीवरून नाव आले हे मत तिला अधिक पटते हेही तिने लपवले नाही. तळे खोदणे, गावाच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगांची स्थापना करणे, रिकाम्या हातांना काम आणि भुकेल्यांना अन्न देणे, अशी सिद्धरामांची ओळख तिने करून दिली; चमत्कारांच्या कथा थोडक्यात आटोपल्या. हे मला फार आवडले. तळे हाच केवढा मोठा चमत्कार आहे हे दुष्काळी मुलखातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

समाधीपाशी बसलेल्या एका वृद्ध बाईंनी अण्णांना पाहून “बर्री, बर्री” म्हणत जागा करून दिली. मुलगी त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलू लागली. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि कन्नड? “मैत्रिणीच्या घरी शिकले,” ती म्हणाली. मग तिने त्या बाईंनाच यात्रेबद्दल विचारले आणि त्यांचे बोलणे वाक्यावाक्याने मराठीत आम्हाला दिले. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत आधी अडुसष्ट लिंगांना तेलाने अभिषेक होतो, त्याला यण्णीमज्जन म्हणतात. हा शब्द सोलापुरात सर्वांच्या तोंडी आहे, पण यण्णी म्हणजे तेल आणि मज्जन म्हणजे स्नान हे मला सत्तावीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. सिद्धरामांशी लग्न करण्याचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची परवानगी दिली, त्या विवाहाच्या या अक्षता. बाई सांगता सांगता थांबल्या, पदराने डोळे पुसले आणि पुन्हा सांगू लागल्या. आठशे वर्षांपूर्वीची ती मुलगी त्यांना शेजारच्या घरातली वाटत होती.

इंद्रभुवनाला आम्ही बसमधूनच वळसा घातला. अप्पासाहेब वारदांनी बांधलेल्या या देखण्या वास्तूत आता महापालिकेचा कारभार चालतो, आणि दिव्यांच्या उजेडात तिच्या सज्जांची नक्षी दिवसापेक्षा अधिक उठून दिसते. भैया चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या घरापाशीही बस केवळ थांबली, कारण संध्याकाळी आत जाता येत नव्हते. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेले, १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेलेले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिकडेच वारलेले कोटणीस. इतर परतले, हे राहिले. हे स्मारक दिवसा येऊन पाहावे असे मी मनाशी ठरवले. संध्याकाळच्या फेरीत त्याला न्याय मिळत नाही.

बस मुरारजी पेठेच्या बाजूला वळली आणि अण्णा खिडकीपाशी सरकले.

मुलीने गिरण्यांची हकीकत सुरू केली. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत आली. १८७६ नंतरच्या भीषण दुष्काळात गावोगावची माणसे कामाच्या शोधात शहरात लोटली, त्यांत हातमागावर पोट भरणारे विणकरही होते. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी मिल, सुरू झाली आणि पुढे एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. इथवर सांगून ती थांबली, अण्णांकडे वळली आणि म्हणाली, “आजोबा, आतलं मला माहीत नाही. तुम्ही सांगता का?” तिने ध्वनिक्षेपक त्यांच्या हातात दिला.

अण्णा घरातही फारसे बोलत नाहीत. त्यांनी तो ध्वनिक्षेपक तोंडापासून लांब धरला, मुलीने तो अलगद जवळ आणला, आणि ते बोलू लागले. सुरुवातीची काही वर्षे ते बदली कामगार होते. पहाटे भोंगा झाला की फाटकापाशी जाऊन उभे राहायचे. नेहमीचा माणूस आला नाही आणि जॉबरने, म्हणजे मुकादमाने, बोट दाखवले तर त्या दिवशी काम, नाही तर मोकळ्या हाताने परत. “भोंग्यानं गाव उठायचं. घड्याळ असायचं कुणाकडं? बाया भोंगा ऐकून चुलीवर तवा टाकायच्या.” सांचा खात्यात दोन माणसे तोंडाला तोंड लावून बोलली तरी ऐकू येत नसे, म्हणून बोटांनी बोलायचे. त्यांनी ती बोटे करून दाखवली: कांडी संपली, धागा तुटला, साहेब येतोय, चहाला चल. बसच्या मंद दिव्यात त्यांचा उजवा हात वर उठलेला होता आणि चौदा माणसे निःशब्द होऊन ती खूण पाहत होती. ज्या माणसाशी मी सत्तावीस वर्षे एका घरात राहिले त्याची ही भाषा मला ठाऊक नव्हती.

“मग बंद पडली तेव्हा?” मागून एका मुलाने विचारले.

“भोंगा व्हायचा थांबला,” अण्णा म्हणाले. “तरी साडेपाचला जाग यायची. अजून येती.” आणि त्यांनी ध्वनिक्षेपक परत दिला.

त्यानंतरचा रस्ता बराच वेळ कोणी काही बोलले नाही, आणि मुलीनेही ती शांतता भरून काढण्याचा प्रयत्न केला नाही. बस विजापूर वेशीजवळ आली तेव्हा गर्दीत अडकली. रस्त्याकडेच्या चहावाल्याने चालकाला ओरडून सांगितले, “इधरीच लगाव, आगे गाडी नै जाती,” आणि अनायासे सर्वांचा चहा झाला. तिथेच एक अनपेक्षित लाभ पदरात पडला. समोरच्या बोळातून ढोलाचा आवाज आला आणि पाठोपाठ सरावाची काठी घेऊन मंडळी बाहेर आली. यात्रेतील सात नंदीध्वज, म्हणजे मिरवायच्या उंच काठ्या, वेगवेगळ्या समाजांच्या मानाचे असतात, आणि उंच, जड काठी एकट्याने तोलून चालण्याचा सराव यात्रेच्या आधी कितीतरी दिवस रात्री चालतो. एका तरुणाच्या कमरेला घट्ट पट्टा होता, काठी त्यात रोवलेली होती, मान मागे टाकून त्याची नजर काठीच्या टोकावर खिळलेली होती, आणि पायाखालचा खड्डा त्याला दिसत नसल्यामुळे दुसरा एक जण पुढे चालत “डावं, डावं, सरळ” असे सांगत होता. “एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र” अशी गर्जना झाली तेव्हा चहावाल्याने किटली खाली ठेवून रस्ता मोकळा करायला हात पसरले.

फेरीचा शेवटचा थांबा पूर्व भागात होता. हा पद्मशाली विणकरांचा भाग. तेलंगणातून आलेल्या या समाजाने सोलापूरच्या कापडाला नाव मिळवून दिले, आणि नारळी पौर्णिमेला निघणारी मार्कंडेयाची रथयात्रा हा या भागाचा मोठा सण. इथल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. मुलीच्या नात्यातील एका कुटुंबाचा छोटा कारखाना होता, चार माग, पत्र्याचे छप्पर, कोपऱ्यात देवाचा दिवा. आवाज इतका होता की ती बोलायची थांबली आणि मागाजवळ नेऊन एकेकाला दाखवू लागली. टॉवेलच्या मागावर दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच, असतात, एक घट्ट आणि एक सैल. दोन आडवे धागे फणी पुरती न ठोकता थोडे अंतर ठेवून बसवते आणि तिसऱ्या धाग्याला पुरती ठोकते. तेव्हा तिन्ही धागे एकत्र सरकतात आणि सैल ताण्याच्या धाग्यांची वेटोळी वर उठतात. तीच टॉवेलची लव. आयुष्यभर टॉवेल वापरला, पण त्यावरची लव जन्मताना मी पहिल्यांदाच पाहिली.

माग बंद झाल्यावर मुलीने मागावर हात ठेवून सांगितले की तेलुगूत याला मग्गम म्हणतात. आमच्यातले अक्कलकोटचे गृहस्थ म्हणाले, कन्नडमध्ये मग्ग. मराठीत माग. अण्णा म्हणाले, “आमी सांचा म्हणायचो.” एवढ्यात बाजूच्या मागावर एक धागा तुटलेला त्यांच्या नजरेस पडला. मालकाने त्यांना “या, तातय्या” म्हणत पुढे बोलावले. अण्णांनी दोन टोके अंगठा आणि तर्जनीत धरली, नखाने एक वेढा दिला, आणि गाठ बसली. ते पाहत होते मालकाच्या चेहऱ्याकडे, बोटांकडे त्यांची नजर नव्हतीच. मालकाने गाठीवरून बोट फिरवले. बोटाला काही लागले नाही. त्याने मान डोलावून माग सुरू केला.

पार्क चौपाटीपाशी बसने आम्हाला नऊ वाजता सोडले. मी त्या मुलीला स्पष्ट सांगितले की बस वेळेवर आलीच पाहिजे, नाही तर फेरीची सुरुवात किल्ल्याऐवजी देवळापासून करावी, आणि ध्वनिक्षेपक असाच बसमधल्या लोकांच्या हाती देत राहावे. तिने वहीत लिहून घेतले. रिक्षात बसल्यावर अण्णांनी विचारले, “पुढच्या शनिवारी पन जाती का ती गाडी?”

“जाते,” मी म्हणाले.

“मग आपण आधी दुपारीच जाऊ किल्ल्यात. वेळ घेऊन. ते मल्लिकार्जुनाचं देऊळ बघायचं राहिलं माझं.”

घरी आल्यावर मी किल्ल्याच्या दरवाजाची वेळ विचारून घेतली आणि आतल्या उतारासाठी त्यांची काठी रबराची नवी टोपी बसवून आणली.